यंदा डॉल्बी नाही, पैसे जवारीला : मंडळाचं आवाहन

मिरजकरांनो, गेल्या वर्षी विसर्जनाच्या रात्री आपल्या मंडळाचा डॉल्बी सतारमेकर गल्लीच्या तोंडाशी तासभर अडकला होता. तेव्हा कोपऱ्यावरच्या दुकानात भिंतीला टांगलेल्या सतारींच्या तरफा, म्हणजे मुख्य तारांखालच्या बारीक तारा, कुणी हात न लावता झणझणत होत्या. दुकानातला पोरगा एकेक सतार खाली उतरवून गोधडीत गुंडाळत होता. आम्हाला काही बोलला नाही. आज त्याच पोरासाठी हात पसरतोय, म्हणून हे आधी सांगून टाकलेलं बरं.

वय 22. चार पिढ्या वाद्यं घडवणारं घर, पण वाजवायला बसलेला हा पहिलाच. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा एकेक करत विशारदपर्यंत आला. दर पंधरा दिवसांनी रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनं पुण्याला जायचा, उजाडेपर्यंत फलाटावर बसायचा, मग गुरुजींकडे तालीम. मीरासाहेब दर्ग्यात गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीला दरवर्षी जी हजेरी लागते, तिथं एकदा सतार घेऊन बसायचं, एवढं एकच त्यानं मनात धरलं होतं.

वैशाखात त्याच्या चाचांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. जवारी लावणारा, म्हणजे घोडी घासून तारेचा आवाज जुळवणारा हात तोच. धाकटी बहीण अकरावीत, हातात घेतलेल्या ऑर्डरी नऊ, दवाखान्याचं बिल वेगळंच. बिलापायी त्यानं स्वतःची सतार विकायला काढली होती. गिऱ्हाईक दारात आल्यावर आम्हाला कळलं, तेव्हा थांबवली. खरं तर त्याआधी आमच्यापैकीच दोघातिघांनी त्याला "आता वाजवणं पुरे, धंद्याकडे बघ" असं सुनावलं होतं. चुकलंच आमचं.

आता तो सकाळी आठपासून दुकानात असतो. तानपुऱ्याच्या घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, कानस फिरवायची, तार चढवायची, खाली सुताचा दोरा घालून केसभर पुढे-मागे सरकवायचा. चाचा समोर खुर्चीत. बोलणं अजून नीट उमटत नाही, कान मात्र शाबूत. आवाज पसरला की डावा हात वर करतात. पोरगा तार उतरवतो, पुन्हा कानस. परवा खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराच्या एका तारेसाठी तो हात सात वेळा वर गेला. आठव्यांदा गेला नाही, तेव्हा दोघंही किती तरी वेळ तार छेडत ऐकत बसले होते. रियाजाला बसेपर्यंत रात्रीचे अकरा वाजतात, आणि दिवसभर कानस धरलेली बोटं मिंडेला, म्हणजे तार ओढून सूर सरकवायला, ऐकत नाहीत.

विशारद पूर्णची परीक्षा नोव्हेंबर-डिसेंबरच्या सत्रात आहे. दुकान सोडून पुण्याला निघून जा, असं त्याला कोण सांगणार? आणि सतार खुंटीला टांग, असं तरी कुठल्या तोंडानं सांगायचं? मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आपण सगळ्यांनीच पेढे खाल्ले आहेत.

म्हणून मंडळानं एक वाट काढली आहे. पलीकडच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक जुने कारागीर दुपारी दोननंतर दुकानात बसायला तयार आहेत. म्हणजे पोराचा अर्धा दिवस मोकळा होतो. त्यांना महिना 10,000 प्रमाणे आठ महिन्यांचे 80,000. चाचांच्या फिजिओथेरपीचे महिन्याला 12 फेऱ्या, फेरीला 400, म्हणजे आठ महिन्यांचे 38,400. एकूण 1,18,400. यंदा डॉल्बी रद्द करून मंडळानं 50,000 बाजूला ठेवले आहेत. (मिरवणुकीला लेझीम आणि हलगी. तरुण कार्यकर्ते थोडे फुगलेत, येतील ताळ्यावर.) उरलेले 68,400 आपल्याकडून हवेत.

पोराचं स्वतःचं म्हणणं वेगळं आहे. "देणगी कशाला? तानपुरे उचला की." दुकानात दोन लेडीज (बायकांच्या आवाजाला जुळणारे) आणि एक जेंट्स (पुरुषांच्या आवाजाला जुळणारा) तानपुरा तयार होऊन पडले आहेत. मोबाईलवरच्या तानपुऱ्यानं गिऱ्हाईक आधीच कमी केलंय. गायनाचे क्लास, शाळा, भजनी मंडळं यांनी जरूर बघून जावं. घरात माळ्यावर आजीचा तानपुरा धूळ खात असेल तर तार बदलायला, जवारीला आणून द्या. मजुरी रोख द्या, घासाघीस करू नका. पुण्या-मुंबईला असलेल्या मिरजकरांपैकी कुणाचं शिवाजीनगरच्या आसपास घर असेल आणि महिन्यातून दोन रात्री पोराला टेकायला जागा देता आली, तर तीही मोठीच मदत.

रोख किंवा चेक मंडळाच्या कार्यालयात रोज संध्याकाळी 7 ते 9 या वेळेत स्वीकारू. पावती घेतल्याशिवाय जाऊ नका. क्यूआर कोड फक्त कार्यालयाच्या भिंतीवर लावला आहे, व्हॉट्सअॅपवर कुणी पाठवला तर त्यावर पैसे टाकू नका. जमाखर्च दर महिन्याच्या पहिल्या रविवारी फळ्यावर लिहू.

नाव छापू नका, अशी पोराची अट आहे, म्हणून छापलेलं नाही. गल्लीत आलात की आवाजावरून दुकान सापडेल. दुपारनंतर या, तेव्हा कानस नाही, सतार ऐकू यायला हवी.

— कार्यवाह, मंडळाच्या वतीनं