दांडिया बाजारातल्या काकूंना

ती. काकूंस सप्रेम नमस्कार,

परत आले त्या दिवशी तुमच्या दारात उभी राहून आभाराचं काही बोलायला गेले, तर तुम्ही ‘आभार कसले मानतेस, आत ये, चहा टाकते’ म्हणून विषयच संपवलात. म्हणून हे पत्र सगळ्यांदेखत लिहिते आहे. इथे तरी मला थांबवता येणार नाही.

युगांडात मसाकाजवळच्या गावात मी दोन वर्षं मिशनच्या सेवेत होते. तिथे लोक भेटले की ‘ग्येबाले को’ म्हणतात. तू करतेस त्या कामाबद्दल तुझे आभार, असा त्याचा अर्थ. पाण्याचा पिवळा कॅन उचलून आणणाऱ्या पोराला म्हणायचं, केळीच्या बागेत वाकलेल्या आजीलाही म्हणायचं. पहिल्या महिन्यात मला कुणी तसं म्हटलं की जीव कानकोंडा व्हायचा. मी त्यांच्यासाठी अजून काय केलं होतं?

सकाळी मुलांना शिकवायचं, नंतर आजाऱ्यांच्या घरी जायचं, एवढं ठरलेलं. ऊन उतरलं की बायका झाडाखाली चटयांचं काम घेऊन बसत आणि मला घरातून खुर्ची आणून देत. मी ‘मुयिंडी’, म्हणजे भारतीय, पाहुणी. त्यांच्यातल्या एका आजींना गावातला गुजराती दुकानदार आठवत होता. १९७२ साली तिथला हुकूमशहा इदी अमीनने आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला सांगितलं, तेव्हा तोही गेला. आजी त्याच्याकडून साखर घ्यायच्या, पण तो कधी त्यांच्या चटईवर बसला नव्हता. हे ऐकताना मी खुर्चीवर होते, काकू.

ती चटई, ‘ओमुकेका’, अखंड विणत नाहीत. रानखजुरीची कोवळी पानं वाळवायची, चिरायची, काही रंगाच्या पाण्यात उकळायची. त्यांच्या अरुंद, लांबच लांब पट्ट्या विणून गुंडाळून ठेवायच्या आणि शेवटी कडेला कड लावून शिवायच्या. विणणं मला जमेना, पानं बोटांतून निसटायची. पण शिवण पाहिली आणि तुमची ओसरी आठवली.

जाण्याआधीच्या उन्हाळ्यात आईच्या जुन्या सुती साड्यांची गोधडी तुम्ही माझ्याकडून शिवून घेतलीत. धावदोरा कडेने सुरू करून आत आत न्यायचा, टाका तांदळाच्या दाण्याएवढा. वाकडा गेला तर तुम्ही रागावायचा नाहीत. गप्पपणे दोरा उसवून सुई परत हातात द्यायचात. एक कड तर तीनदा उसवलीत. मला तेव्हा तुमचा फार राग आला होता, आज सांगते.

त्या संध्याकाळी मी खुर्चीवरून उतरले, त्यांच्यासारखे पाय एका बाजूला दुमडून बसले आणि सुई मागितली. दोन पट्ट्या जोडल्या. आजींनी शिवण उलटी करून नखाने ओढून पाहिली आणि म्हणाल्या, ‘वेबाले न्न्यो’. फार आभार. त्यानंतर खुर्ची कधी आली नाही. भाषा मला त्या चटईवरच आली, पहिला शब्द ‘एम्पिसो’, सुई. कुणाचं मूल गेलं, कुणाच्या मुलीची फी थकली, हे शिवता शिवताच कळायचं. मग आजारी माणसाच्या घरी मी नुसती प्रार्थनेपुरती जात नसे.

आजींच्या भावाने मला ‘ओलुबुगो’ही दाखवलं. मुटुबा झाडाची आतली साल पावसाळ्यात सोलायची आणि खाचा पाडलेल्या लाकडी मोगऱ्यांनी ठोकून ठोकून तिचं कापड करायचं. युनेस्कोने २००५ साली या कलेचा गौरव केला. पण माझ्या मनात राहिलं ते वेगळंच. सोललेल्या खोडाला ते लगेच केळीची पानं गुंडाळतात, जखमेला बांधावं तशी, म्हणजे साल पुन्हा धरते. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची बातमी मला त्याच आठवड्यात कळली. दिवसातून चार वेळा तिच्या डोळ्यांत थेंब तुम्ही घालत होतात. दर रविवारी आपली देवपूजा आटोपून तिला रिक्षाने चर्चला नेत होतात आणि प्रार्थना संपेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसत होतात. हे तुम्ही मला एकदाही सांगितलं नाहीत. आईने सांगितलं.

ग्येबाले को, काकू.

बायकांनी निघताना दिलेली चटई आणली आहे. प्रवासात तिची एक शिवण उसवली. रविवारी घेऊन येते. आता तुम्हाला सुई ओवता येत नाही असं आई म्हणाली. मी ओवून देईन, टाका तुम्ही घाला.

तुमची,
वरच्या मजल्यावरची