माना, तुझे आभार

प्रिय माना,

हे पत्र मराठीत लिहिते आहे. तुला ते फोनवर तुझ्या तेतुम भाषेत वाचून दाखवीनच, पण तू माझ्यासाठी काय केलंस हे माझ्या वसईच्या माणसांनाही कळायला हवं.

धर्मभगिनी म्हणून मला परदेशी पाठवायचं ठरलं, तेव्हा घरच्यांनी धरून चाललं की फिलिपिन्सच. आमच्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया मनिलात फ्रान्सिस्कन संन्यासी झाले आणि १५९७ साली नागासाकीला हुतात्मा झाले, त्यामुळे मनिला आमच्या लहानपणापासून कानावर असतं. हातात पत्र पडलं ते पूर्व तिमोरचं. २००२ साली स्वतंत्र झालेला, ऑस्ट्रेलियाच्या वर अर्ध्या बेटावर वसलेला देश. मला त्याचं नावापलीकडे काहीच माहीत नव्हतं.

पहिल्या सकाळी तू अंगणात कपडे धुवायला बसलीस आणि लेकीला हाक मारलीस : साबाऊं आण, बाल्दे आण. ती यायच्या आधी मीच साबण आणि बालदी आणून तुझ्यापुढे ठेवली. तू माझ्याकडे बघतच राहिलीस. मग दिवसभर आपला तोच खेळ चालला. पाव म्हणजे पाऊं, चावी म्हणजे शावी. पोर्तुगीज तुमच्याकडेही राहिले, आमच्याकडेही. १८४४ पर्यंत तिमोरचा कारभार गोव्याच्या हाताखाली होता, हे मी पुढे वाचलं. आपली ओळख मात्र त्या बालदीपासूनची. ‘माना’ म्हणजे ताई, हेही त्याच दिवशी शिकले आणि तेव्हापासून तुला दुसऱ्या नावाने हाक मारली नाही.

मिक्रोलेट, म्हणजे तुमच्याकडची छोटी प्रवासी गाडी, थांबवायची तर छताजवळच्या दांड्यावर नाण्याने टकटक करायची, हे तू शिकवलंस. कुणाच्या छातीवर काळ्या कापडाची पट्टी टाचलेली दिसली तर आवाज खाली आणायचा, कारण घरात कुणीतरी गेलेलं असतं, हेही तूच सांगितलंस. वर्षाने घरची सगळी जमतात, ती पट्टी काढतात, जेवण होतं. ‘कोरे मेतान’. मला आमच्याकडची वर्षाची मिस्सा, गेलेल्या माणसासाठीची चर्चमधली प्रार्थना, आठवली.

मी आले होते प्रभूचं वचन सांगायला. इथे तर देवळं ओसंडून वाहत होती. असं का, ते तू समजावलंस. १९७५ साली इंडोनेशियाचं सैन्य घुसलं, पुढे पोर्तुगीज भाषेवर बंदी आली. तेव्हा चर्चने मिस्सेसाठी इंडोनेशियन भाषा घेतली नाही. १९८१ साली तेतुम घेतली. तू म्हणालीस, बाहेर जीव मुठीत धरून बोलायचो, पण ‘आमच्या बापा’ ही प्रभूची प्रार्थना आपल्या भाषेत मोठ्याने म्हणता यायची. त्यानंतर मी ती प्रार्थना तुमच्यासोबत घाईने कधी म्हटली नाही.

आणि २ नोव्हेंबर. लोरोन मातेबियान, मृतांचा दिवस. आदल्या रात्री तू जमिनीवर बसून बोगनवेलीची एकेक पाकळी सोडवून टोपलीत टाकत होतीस, आणि मला शेजारी बसवून घेतलंस. सकाळी आपण राजधानी दिलीतल्या सांताक्रूझच्या कबरस्तानात गेलो. १२ नोव्हेंबर १९९१ ला मोतायेलच्या चर्चमधली मिस्सा आटोपून तरुण मुलं इथवर चालत आली होती, आणि सैनिकांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. कितीतरी जणांचे देह घरच्यांना मिळालेच नाहीत. तुझा भाऊ त्यातलाच. त्याची कबर नाही, म्हणून तू मोठ्या क्रुसापाशी पाकळ्या वाहिल्यास. मेणबत्ती पेटेना, वारा होता. तू माझे दोन्ही हात ओढून ज्योतीभोवती धरलेस आणि म्हणालीस, “तू पण लाव. तुझाही भाऊच.”

माना, मला त्या घरात, त्या दुःखात तू बसायला जागा दिलीस. हे ऋण मोठं आहे.

यंदा २ नोव्हेंबरला मी वसईत असेन. वडिलांच्या कबरीवर मेणबत्त्या लावते, त्यात एक जास्तीची तुझ्या भावाच्या नावाने लावीन. बोगनवेल आमच्या कुंपणावरही आहे.

ओब्रिगादा बाराक, माना.

तुझी धाकटी बहीण