दात विचकणं म्हणजे हसणं नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत झबलं घातलेल्या माकडाच्या पिल्लाचा फोटो आणि त्याखालची ‘घरातलं हसरं बाळ’ ही ओळ वाचली. तीस वर्षं पशुवैद्य म्हणून काम केलं, त्यामुळे लिहिल्यावाचून राहवलं नाही. ते पिल्लू हसत नाही. ओठ मागे ओढून दातांच्या दोन्ही ओळी दाखवणारं माकड घाबरलेलं असतं. आपल्या भाषेत याला दात विचकणं म्हणतात, आणि तोच शब्द खरा आहे.

असाच झबल्यात वाढलेला पाच वर्षांचा एक नर माझ्याकडे आणला होता. ‘सुळे काढून द्या’ एवढंच घरच्यांचं म्हणणं. वयात आल्यावर त्याने नातवाचा गाल फाडला होता. माणसं दुष्ट नव्हती. बाटलीने दूध पाजून, कुशीत घेऊन त्यांनी त्याला वाढवलं होतं. मी तपासत होतो तोवर त्याने माझा अंगठा सोडला नाही, तान्ह्या मुलासारखा मुठीत धरून ठेवला. डाव्या हाताचे केस मनगटापासून कोपरापर्यंत उपटलेले, कातडीवर चाव्यांचे जुने-नवे व्रण. चावे त्याचे स्वतःचेच. कळपाविना एकट्या वाढलेल्या माकडांत हे पुष्कळदा दिसतं.

मी नकार दिला. सुळे गेले तरी जबडा राहतो, आणि लाळेतला बी विषाणूही. मॅकाक, म्हणजे आपल्याकडच्या लाल तोंडाच्या माकडांना त्याचा फारसा त्रास होत नाही. माणसाला लागण झाली आणि उपचाराला उशीर झाला, तर रुग्ण सहसा वाचत नाही. उलट, आपल्या ओठांवर तापाचे फोड उठवणारा विषाणू मार्मोसेटसारख्या चिमुकल्या माकडांचा जीव घेतो.

जाणकारांच्या हातूनही हे घडलं आहे. १९६४ साली जन्मलेली ल्युसी ही चिंपांझी अमेरिकेतल्या एका मानसोपचारतज्ज्ञाने पोटच्या मुलीसारखी वाढवली. ती खुणांची भाषा शिकली, पाहुण्यांना चहा करून द्यायची. मोठी होऊन आवरेनाशी झाली तेव्हा, १९७७ मध्ये, तिला आफ्रिकेत गांबियाला नेलं. तिला झाडपाला खाता येत नव्हता. सोबत गेलेली जॅनिस कार्टर ही विद्यार्थिनी ते शिकवण्यासाठी स्वतः पानं चावून दाखवत वर्षानुवर्षं तिथे राहिली. १९८७ मध्ये ल्युसीचा सांगाडा सापडला.

आणखी एक. माकडाचं पिल्लू आईच्या पोटाला इतकं घट्ट बिलगलेलं असतं की आई धडधाकट असताना ते सहसा हाती लागत नाही. मग हे कसं लागलं, हे तुमच्या बातमीदाराने विचारायला हवं होतं.

फोटोत दिसतात ते सगळे दुधाचे दात आहेत. म्हणजे पिल्लू अजून लहान आहे. वन्यप्राणी बचाव केंद्रात त्याच्याच वयाच्या पिल्लांत सोडलं, तर ते अजून माकडांत मिसळू शकेल. त्या घराचा पत्ता तुमच्याकडे असणारच. कृपया त्यांना या आठवड्यातच कळवा.

आपला,
एक निवृत्त पशुवैद्य