सूचना : २८ सप्टेंबरची बैठक, जनरल रॉड्रिग्ज

सभासदहो,

येत्या २८ सप्टेंबरला संध्याकाळी ६ वाजता ग्रंथालयाच्या सभागृहात जमायचे आहे. विषय : जनरल सुनीथ फ्रान्सिस रॉड्रिग्ज. तारीख मुद्दाम निवडली आहे. १८२७ मध्ये याच दिवशी बॉम्बे माउंटन बॅटरी ही तोफखान्याची तुकडी उभी राहिली, म्हणून तोफखाना हा दिवस ‘गनर्स डे’ म्हणून पाळतो.

मुंबईत जन्म, १९५२ मध्ये तोफखान्यात कमिशन (अधिकारी म्हणून नेमणूक), १९९० ते १९९३ लष्करप्रमुख. विमानातून तोफांचा मारा अचूक करवून घेणारे ते वैमानिकही होते. चर्चेत यावरच जास्त वेळ देऊ, कारण हे काम फारसे कुणाला ठाऊक नसते.

– निवृत्त तोफखाना जवान ओळखीचे असतील तर आवर्जून आणा.
– बोलणाऱ्यांनी नावे दोन दिवस आधी कळवावीत. प्रत्येकी १० मिनिटे.
– मोबाइल बंद ठेवावेत.