घरी बांधलेल्या विमानाचा विमा कमी रकमेचा नको

संपादक महोदय,

स्वतः बांधलेल्या विमानाचा विमा उतरवताना हप्ता वाचावा म्हणून अनेकजण किंमत कमी लिहितात. ही बचत अंगाशी येते. विमानाच्या पॉलिसीत बहुधा आधी ठरलेली रक्कमच दाव्याच्या वेळी धरतात, हे त्यामागचे मुख्य कारण.

समजा, विमानाची खरी किंमत 100 आणि विमा 60 चा. उतरताना चाकाचा दांडा मोडला, प्रोपेलर धावपट्टीला घासला. नवा प्रोपेलर, इंजिन पूर्ण खोलून क्रँकशाफ्टची (इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याची) तपासणी आणि पोटाचा पत्रा मिळून दुरुस्ती 40 ची. दुरुस्तीचे पैसे मिळतील, असे मालकाला वाटते. पण मोडक्या विमानातले इंजिन, रेडिओ, पंख विकून 30 येणार असतील, तर कंपनी 60 देऊन विमान ताब्यात घेते. तिला ते 30 लाच पडते. दुरुस्त होण्याजोगे विमान मालकाच्या हातून जाते. 130 चा विमा असेल तर उलटे होते: 90 ची दुरुस्तीही कंपनीला स्वस्त वाटते आणि जागोजागी ठिगळे लावलेले विमान परत येते.

म्हणून तेवढेच चांगले तयार विमान आज घ्यायला काय पडेल, तो आकडा लिहावा. केवळ पावत्यांची बेरीज पुरत नाही, तीत दोन हजार तासांची मेहनत नसते. पण त्या मेहनतीचा पूर्ण मोबदला बाजारही देत नाही. नवी उपकरणे बसवली की रक्कम वाढवून घ्यावी.

बांधकाम चालू असताना आग, चोरी आणि वाहतुकीपुरता विमा पुरतो. मात्र इंजिन घरात आले त्याच दिवशी रक्कम वाढवायला हवी. पहिल्या काही उड्डाणांना संरक्षण आहे का, वैमानिकाला त्या प्रकारचे विमान उडवण्याचा किती तासांचा अनुभव लागतो, हे लेखी घ्यावे. अट पूर्ण न करणाऱ्या मित्राच्या हाती विमान दिले, तर दावा फेटाळला जाऊ शकतो.

इतरांच्या नुकसानीच्या विम्यात एकूण आकडा पाहून समाधान मानू नये. प्रत्येक प्रवाशामागची मर्यादा कधीकधी त्या आकड्याच्या दहाव्या हिश्शाइतकीच असते. पैसे कमी पडत असतील तर विमानाचा विमा फक्त जमिनीवरच्या नुकसानीपुरता ठेवावा, इतरांच्या नुकसानीच्या विम्याला हात लावू नये. आणि पंखाचा शेवटचा पत्रा रिव्हेट करण्यापूर्वी आतल्या बांधणीची छायाचित्रे काढावीत. ती आणि पावत्या हँगरबाहेर, म्हणजे विमान ठेवण्याच्या शेडबाहेर, ठेवाव्यात.

– एक विमानबांधणीप्रेमी