अनोळखी पार्ट रविवारी घेऊन या

सर्व सदस्यांना विनंती, जावा-येझदी मोटारसायकलींचे जे पार्ट कशाचे हेच कळत नाही, ते रविवारच्या बैठकीत आणा. म्हैसूरच्या कारखान्यातून १९६१ पासून जावा आणि १९७३ पासून येझदी नावाने गाड्या निघाल्या. दोन्हींचे कित्येक पार्ट दिसायला जुळे असतात, त्यामुळे एकट्याने डोकं खाजवण्यापेक्षा चार जणांनी पाहिलेलं बरं.

कृपा करून बफिंग करून, म्हणजे घासून चकचकीत करून, आणू नका! रॉकेलच्या फडक्याने पुसा, बस्स. ओतकामातला पुसट आकडा, मूळ रंगाचा कपचा, वॉशरचा ठसा यावरूनच जाणकार ओळख पटवतात. पार्ट कुठल्या गाडीतून निघाला, ते चिठ्ठीवर लिहून बांधा. माप घ्यायला व्हर्नियर कॅलिपर इथे आहे. मेकॅनिक काका अकरापर्यंतच थांबणार आहेत, वेळेवर या.