डॉ. जितेंदर दुबे यांना, राहात्याहून

आदरणीय दुबे सर,
सादर नमस्कार.

तुमची-माझी ओळख नाही. तुम्ही अमेरिकेत, बेल्ट्सव्हिलच्या सरकारी कृषी संशोधन केंद्रात परजीवींच्या अभ्यासात आयुष्य घातलंत. मी राहाता तालुक्यात मोटारसायकलवर फिरणारा गुरांचा डॉक्टर. पण तुमचं शिक्षण महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात झालेलं. (आम्हाला महू म्हटलं की आधी बाबासाहेब आठवतात.) इंदूर-महूकडे मराठी कानावर पडतेच, म्हणून मराठीतच लिहितोय.

गेल्या वर्षी एका गोठ्यात सहा महिन्यांत तीन गायी गाभडल्या. तिन्ही पाचव्या-सहाव्या महिन्यात. गर्भ पाडणारा ब्रुसेला जिवाणूच असणार, असं मी छातीठोकपणे सांगून मोकळा झालो. तपासणीत ब्रुसेला निघाला नाही. मालकाने चारा बदलला, मग नारळ फोडला. तिसऱ्या वेळी मी पोहोचलो तेव्हा गोठ्यातला कुत्रा उकिरड्यावरून गायीची वार (गर्भासोबत पडणारी नाळ) ओढत नेत होता. त्या क्षणी कॉलेजात परीक्षेपुरतं पाठ केलेलं नाव आठवलं: निओस्पोरा कॅनिनम, कुत्र्यामार्फत गायींत पसरून गर्भ पाडणारा सूक्ष्म परजीवी.

रात्री तुमचे निबंध उघडले. नॉर्वेतल्या कुत्र्यांमध्ये १९८४ साली टॉक्सोप्लाझ्मासारखा (मांजरातून पसरणारा, पोटातल्या गर्भाला घातक ठरणारा सूक्ष्मजीव) एक परजीवी दिसला होता. तुम्ही आणि सहकाऱ्यांनी मेलेल्या कुत्र्यांच्या, जपून ठेवलेल्या जुन्या ऊती पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली घेतल्या आणि १९८८ मध्ये सांगितलं की हा वेगळाच जीव आहे. पिल्लांचे मागचे पाय ताठ का होतात, त्याचं उत्तर मेंदूत आणि मज्जारज्जूत सापडलं. पुढे १९९८ मध्ये मॅकॲलिस्टर यांच्यासोबत तुम्ही दाखवलंत की याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून बाहेर पडतात. माझा कुत्रा, माझा उकिरडा, माझी गव्हाण, सगळं त्यात होतं.

रक्त पाठवलं. तिन्ही गायी पॉझिटिव्ह. गायीला देण्यासारखं खात्रीचं औषध नाही, हे मालकाला सांगताना जीभ जड झाली. पण करण्यासारखं होतं: वार आणि पडलेलं वासरू खोल पुरायचं, पेंड आणि पाणी कुत्र्यापासून झाकायचं. मालक म्हणाला, "एवढंच? मग आधी का नाही सांगितलं डॉक्टर?" यावर काय बोलणार!

तुमचे हजाराहून जास्त शोधनिबंध आहेत, सायटेशन, म्हणजे इतरांनी घेतलेले संदर्भ, तर मोजता मोजता थकावं इतकी. २०१० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने तुम्हाला सदस्य करून घेतलं. त्याचा अभिमान आहेच. पण सायटेशन लागतं ते एका निबंधातून दुसऱ्या निबंधात. मी निबंध लिहीत नाही. मी केसपेपरवर 'वार पुरा, कुत्रा बांधा' असं लिहितो. केसपेपरला संदर्भसूची नसते, त्यामुळे ही उधारी तुमच्या खात्यात कधीच दिसणार नाही. ती इथे मांडतो.

आणखी एक उधारी आहे, मांजराची. १९६५ मध्ये ग्लासगोच्या हचिसन यांना टॉक्सोप्लाझ्मा मांजराच्या विष्ठेत आढळला. तो जंताच्या अंड्यातून जात असावा असं त्यांना वाटलं. तुम्ही कॅन्ससला फ्रेंकेल यांच्याकडे काम करत होता. जंत नसलेल्या मांजरांतूनही संसर्ग पसरतो हे तिथे दिसलं आणि १९७० साली खुद्द त्याच्या ऊसिस्टचं, म्हणजे विष्ठेतून पडणाऱ्या अंड्यासारख्या रूपाचं, वर्णन छापून आलं, व्यास जेमतेम दहा-बारा मायक्रॉन. ताजी विष्ठा लगेच घातक नसते, ऊसिस्ट पिकायला किमान एक दिवस जावा लागतो. म्हणून माझ्या भाचीला दिवस राहिले तेव्हा तिच्या सासूबाई मांजर ओढ्यापलीकडे सोडायला निघाल्या, त्यांना मी थांबवू शकलो. म्हटलं, घाण रोजच्या रोज दुसऱ्या कुणीतरी काढा, मटण नीट शिजवा, भाजी धुऊन घ्या. मांजर अजून घरात आहे. सासूबाईंचा माझ्यावर विश्वास बसलेला नाही, ते वेगळं.

पंधरवड्यात त्याच गोठ्यातली एक गाय विणार आहे. तीही पॉझिटिव्ह. आईकडून वासरात संसर्ग आला का, हे बघायचं तर चीक पाजण्याआधी रक्त घ्यावं लागतं (चिकातून आईची प्रतिपिंडं वासरात येतात), आणि गायी हमखास रात्रीच वितात. मी ट्यूब डिकीतच ठेवली आहे. मालकाला बजावलंय, आधी फोन, मग चीक.

आपला नम्र,
राहाता तालुक्यातला एक पशुवैद्य